हार्ली अर्ल

हार्ली जे. अर्ल (जन्म : हॉलिवूड, कॅलिफोर्निया, २२ नोव्हेंबर १८९३, मृत्यू : वेस्ट पाम बीच, फ्लॉरिडा, १० एप्रिल १९६९) हे अमेरिकन मोटारगाडी-रचनाकार होते. जनरल मोटर्स या कंपनीच्या रचना विभागाचे ते पहिले प्रमुख होत. १९२७ ते १९५८ या काळात शेव्हरोले, पाँटियाक, ओल्ड्समोबिल, ब्यूक आणि कॅडिलॅक या गाड्यांचे बाह्यरूप त्यांच्या देखरेखीखाली ठरत असे. मातीचे पूर्णाकृती नमुने, प्रायोगिक गाडी, शेपटीकडील उंच पंख आणि क्रोमियमच्या चकाकत्या पट्ट्या यांच्याशी त्यांचे नाव कायमचे जोडले गेले आहे. मोटारगाडी विकत घेताना ग्राहक यंत्राइतकेच तिच्या रूपालाही महत्त्व देतो, हे त्यांनी उद्योगाला पटवून दिले. याच विचाराचा अतिरेक त्यांच्या कारकिर्दीच्या शेवटी त्यांच्यावर उलटला.

बालपण आणि शिक्षण

हार्ली अर्ल यांचे वडील जे. डब्ल्यू. अर्ल हे मिशिगनमधून कॅलिफोर्नियात आले होते. लॉस एंजेलिस येथे त्यांचा घोडागाड्या बांधण्याचा व्यवसाय होता. मोटारगाड्यांचा प्रसार होऊ लागल्यावर त्यांनी आपल्या व्यवसायाची दिशा बदलली आणि १९०८ मध्ये अर्ल ऑटोमोबाइल वर्क्स ही संस्था सुरू केली. त्या काळी श्रीमंत ग्राहक कारखान्यातून केवळ चाके, इंजिन आणि सांगाडा विकत घेत व वरचा सांधा आपल्या आवडीप्रमाणे अशा कारागिरांकडून बांधून घेत. लाकूड, पत्रा, कातडे, रंग आणि धातूची झिलई ही सर्व कामे हार्ली यांनी लहानपणापासून जवळून पाहिली.

त्यांनी स्टॅनफर्ड विद्यापीठात प्रवेश घेतला. परंतु पदवी पूर्ण न करता ते वडिलांच्या व्यवसायात दाखल झाले. हॉलिवूडमधील चित्रपटव्यवसाय तेव्हा भरभराटीला येत होता. रॉस्को आर्बकल, टॉम मिक्स यांसारख्या मूकपटातील नटांसाठी अर्ल यांच्या कारखान्याने खास गाड्या बांधल्या. चारचौघांत उठून दिसेल अशी गाडी ही या ग्राहकांची मुख्य अपेक्षा असे. लांबूनही नजरेत भरेल असे रूप घडवण्याचे पहिले धडे अर्ल यांना येथे मिळाले.

१९१९ मध्ये कॅडिलॅक गाड्यांचे कॅलिफोर्नियातील वितरक डॉन ली यांनी हा कारखाना विकत घेतला आणि खास गाड्यांच्या विभागाची सूत्रे हार्ली यांच्याकडेच ठेवली.

जनरल मोटर्समधील प्रवेश

कॅडिलॅक विभागाचे प्रमुख लॉरेन्स फिशर हे वितरकांच्या भेटीसाठी फिरत असताना त्यांनी डॉन ली यांच्या कारखान्यातील अर्ल यांचे काम पाहिले. फिशर स्वतः गाड्यांचे सांधे बनवणाऱ्या प्रसिद्ध कुटुंबातील होते. कॅडिलॅकपेक्षा काहीशी स्वस्त अशी ला साल नावाची नवी गाडी काढण्याचा कंपनीचा विचार होता. तिचे रूप ठरवण्याचे काम फिशर यांनी अर्ल यांच्यावर सोपवले. युरोपातील हिस्पानो-सुइझा या गाडीचा प्रभाव असलेली ला साल १९२७ मध्ये बाजारात आली आणि लोकप्रिय झाली.

कंपनीचे अध्यक्ष आल्फ्रेड स्लोन यांनी या यशाचे महत्त्व ओळखले. फोर्ड कंपनीचे मॉडेल टी वर्षानुवर्षे जवळजवळ एकाच रूपात विकले जात होते. ज्या कुटुंबाकडे आधीच गाडी आहे त्याला दुसरी गाडी घ्यावीशी वाटेल, असे काही तरी स्लोन यांना हवे होते. १९२७ मध्येच त्यांनी आर्ट अँड कलर हा स्वतंत्र विभाग स्थापन करून अर्ल यांना त्याचे प्रमुख नेमले. आरंभी विभागात सुमारे ५० माणसे होती आणि त्यांपैकी १० रचनाकार होते.

अभियंत्यांना हा विभाग अनावश्यक वाटत होता. त्यांचा विरोध पहिल्याच मोठ्या कामात दिसून आला. १९२९ च्या ब्यूक गाडीची मूळ रचना अर्ल यांच्या विभागाची होती. पण कारखान्यात तिची मापे बदलली गेली. परिणामी खिडक्यांखालचा पत्रा फुगीर दिसू लागला, लोकांनी त्या गाडीची थट्टा केली आणि विक्री घटली. रेखाटन चांगले असून भागत नाही, गाडी कारखान्यातून बाहेर पडेपर्यंत तिच्या रूपावर रचनाकाराचे नियंत्रण असावे लागते, हा धडा अर्ल यांनी त्यातून घेतला. पुढील दहा वर्षांत त्यांनी ते नियंत्रण मिळवले. १९३७ मध्ये विभागाचे नाव बदलून स्टायलिंग असे करण्यात आले आणि १९४० मध्ये अर्ल कंपनीचे उपाध्यक्ष झाले.

कार्यपद्धती

अर्ल स्वतः फारसे रेखाटन करत नसत. सहकाऱ्यांनी काढलेली चित्रे आणि घडवलेले नमुने पाहून ते बदल सुचवत. लाकूड आणि पत्र्याऐवजी मातीचे पूर्णाकृती नमुने वापरण्याची पद्धत त्यांनी रूढ केली. मातीत वक्राकार सहज घडवता येत आणि पटत नसल्यास तासाभरात बदलता येत. आजही संगणकाच्या जोडीने जगभरातील मोटार कंपन्या मातीचे नमुने वापरतात.

गाडी लांब आणि बुटकी दिसली पाहिजे, हे त्यांचे आयुष्यभराचे सूत्र होते. १९३८ मध्ये तयार झालेली ब्यूक वाय-जॉब ही या सूत्राची पहिली स्पष्ट अभिव्यक्ती होय. विक्रीसाठी नव्हे, तर नव्या कल्पना पारखण्यासाठी बांधलेली ही गाडी पहिली प्रायोगिक गाडी मानली जाते. तिचे दिवे आत झाकले जात, खिडक्या विजेवर चालत आणि चाके त्या काळाच्या मानाने लहान, म्हणजे १३ इंचांची होती. अर्ल ही गाडी अनेक वर्षे स्वतः चालवत असत.

सहा फुटांहून अधिक उंची, उंची पोशाख आणि कडक शिस्त यांमुळे विभागात त्यांचा दरारा होता. त्यांच्या हाताखाली तयार झालेल्या अनेक रचनाकारांनी पुढे अमेरिकन मोटार उद्योगात महत्त्वाची पदे भूषवली.

क्रोमियमचा वापर

अर्ल यांच्या उदयाच्या काळातच दोन तांत्रिक बदल घडून आले. पहिला बदल रंगाचा होता. पूर्वीचा रंग वाळायला कित्येक दिवस लागत. ड्यूको हा जलद वाळणारा रंग १९२४ च्या सुमारास आल्यावर गाड्या अनेक रंगांत देणे शक्य झाले. दुसरा बदल धातूच्या मुलाम्याचा होता. तोवर पितळ किंवा निकेलचा मुलामा दिलेले भाग वापरले जात. पितळ काळवंडे, निकेल पिवळसर पडे आणि दोहोंनाही वारंवार घासून पॉलिश करावे लागे. १९२४ मध्ये कोलंबिया विद्यापीठातील कॉलिन फिंक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी क्रोमियमचे विद्युत विलेपन व्यापारी प्रमाणावर करण्याची पद्धत विकसित केली. ओल्ड्समोबिलने १९२६ मध्ये गाडीवर क्रोमियमचा मुलामा वापरण्यास सुरुवात केली.

क्रोमियमची झळाळी निळसर पांढरी असते आणि ती हवेत काळवंडत नाही. अर्ल यांनी या गुणाचा उपयोग रेषा काढण्यासाठी केला. दाराच्या बाजूने गेलेली आडवी पट्टी गाडी लांब भासवते, रुंद जाळी तिला जमिनीलगत बसल्यासारखी दाखवते आणि दुरंगी गाडीत दोन रंगांचा सांधा चमकत्या पट्टीखाली झाकला जातो. पट्टीचा पृष्ठभाग तिरका असावा, म्हणजे आकाशाचा प्रकाश परावर्तित होऊन पाहणाऱ्याच्या डोळ्यांत येतो, असा त्यांचा आग्रह असल्याचे सांगितले जाते.

या सजावटीला आर्थिक बाजूही होती. पत्रा दाबण्याचे मोठे साचे अतिशय महाग असतात. ते दरवर्षी बदलणे परवडत नाही. परंतु जाळी, पट्ट्या, बोधचिन्हे आणि चाकांच्या टोप्या बदलल्या की तीच गाडी नवी दिसते. कोणत्या घराची गाडी या वर्षाची आणि कोणाची मागच्या वर्षाची, हे शेजाऱ्यांना लांबूनच ओळखू येऊ लागले. स्लोन आणि अर्ल यांच्या वार्षिक बदलाच्या धोरणाचा हा पाया होता.

युद्धकाळ आणि शेपटीचे पंख

दुसऱ्या महायुद्धात नागरी गाड्यांचे उत्पादन थांबले. त्या काळात अर्ल यांच्या विभागाने लष्करी साधने शत्रूच्या नजरेपासून लपवण्यासाठी रंगसंगती व आच्छादने यांवर काम केले. नजर वेधून घेणे हाच ज्यांचा व्यवसाय होता, त्यांच्याकडे नजर चुकवण्याचे काम आले.

युद्धाच्या सुमारास अर्ल आणि त्यांच्या सहकाऱ्यांना लॉकहीड पी-३८ लाइटनिंग हे जुळ्या शेपटीचे विमान पाहण्याची संधी मिळाली होती. फ्रँक हर्शी आणि इतर रचनाकारांनी त्यावरून प्रेरणा घेऊन १९४८ च्या कॅडिलॅकच्या मागील मडगार्डवर लहान पंख दिले. पुढील ११ वर्षांत ते उंच होत गेले आणि १९५९ च्या कॅडिलॅकवर त्यांनी कमाल उंची गाठली. या पंखांना यांत्रिक उपयोग जवळजवळ नव्हता. पण विमान आणि अग्निबाण यांच्या युगाचे ते प्रतीक ठरले.

१९५० चे दशक

युद्धोत्तर समृद्धीच्या काळात अर्ल यांचा प्रभाव सर्वाधिक होता. १९५१ मध्ये त्यांनी ला सेबर ही प्रायोगिक गाडी सादर केली. तिच्यात पावसाचे थेंब पडताच छत आपोआप बंद होण्याची सोय होती. फायरबर्ड मालिकेतील गाड्यांत जेट विमानांप्रमाणे वायु-टर्बाइन बसवले होते. युरोपीय क्रीडा-गाड्यांना अमेरिकन पर्याय असावा, या त्यांच्या कल्पनेतून शेव्हरोले कॉर्वेट निर्माण झाली. जानेवारी १९५३ मध्ये न्यूयॉर्क येथील मोटोरामा प्रदर्शनात ती प्रथम दाखवण्यात आली. तिचा सांधा फायबर ग्लासचा होता आणि पहिल्या वर्षी ३०० गाड्या बनवल्या गेल्या.

चाकेही सजावटीचा भाग बनली. १९५५ च्या कॅडिलॅक एल्डोराडोवर सेबर-स्पोक या नावाने ओळखली जाणारी, पात्यांसारख्या आऱ्यांची चाके देण्यात आली. पोलादी कड आणि अ‍ॅल्युमिनियमचा मधला भाग अशी त्यांची रचना होती. १९५७ च्या एल्डोराडो ब्रॉम या गाडीचे छत न रंगवता घासून मंद चकाकी आणलेल्या स्टेनलेस स्टीलचे ठेवले होते. तिची किंमत १३,०७४ डॉलर होती.

याच काळात अर्ल यांनी अनेक महिला रचनाकारांना विभागात घेतले. मोटार उद्योगात हे पाऊल नवे होते. मात्र त्यांच्याकडे मुख्यतः आसने, कापड, रंग आणि आतील सजावट एवढेच काम सोपवले जाई.

अतिरेक आणि निवृत्ती

१९५८ च्या गाड्यांत क्रोमियमचा वापर टोकाला गेला. त्या वर्षीच्या ब्यूकच्या पुढील जाळीत १६० चकाकते चौकोन होते. ओल्ड्समोबिलच्या बाजूंवर पट्ट्यांची गर्दी झाली होती. त्याच वर्षी अमेरिकेत आर्थिक मंदी आली आणि मोठ्या गाड्यांची विक्री घसरली. साध्या रूपाची फोक्सवॅगन आणि आटोपशीर रॅम्बलर यांच्याकडे ग्राहक वळू लागले.

अर्ल यांच्या विभागातील तरुण रचनाकारांना ही चाहूल आधीच लागली होती. १९५६ च्या उन्हाळ्याच्या अखेरीस क्रायसलर कंपनीच्या १९५७ च्या गाड्या कारखान्याबाहेर उभ्या असलेल्या त्यांच्या दृष्टीस पडल्या. व्हर्जिल एक्सनर यांनी घडवलेल्या त्या गाड्या बुटक्या, सडपातळ आणि भरपूर काचेच्या होत्या. जनरल मोटर्सच्या १९५९ साठी तयार होत असलेल्या जाडजूड रचना त्यांच्यापुढे जुनाट दिसत होत्या. अर्ल तेव्हा युरोपात होते. त्यांच्या अनुपस्थितीत बिल मिचेल आणि सहकाऱ्यांनी नव्या दिशेने काम सुरू केले. परत आल्यावर अर्ल यांना हे प्रथम रुचले नाही. पण अखेरीस त्यांनी नव्या रचना मान्य केल्या. दरवर्षी जुन्याला मागे टाकणाऱ्या ज्या पद्धतीची घडी त्यांनी बसवली होती, तिने आता त्यांनाच मागे टाकले होते.

डिसेंबर १९५८ मध्ये वयाच्या ६५ व्या वर्षी ते निवृत्त झाले. मिचेल त्यांच्या जागी आले आणि १९६० च्या दशकात त्यांनी पट्ट्यांऐवजी पत्र्याच्या घडीवर भर दिला. निवृत्तीनंतर अर्ल फ्लॉरिडात राहत होते. १० एप्रिल १९६९ रोजी पक्षाघाताने त्यांचे निधन झाले.

गाड्यांची झळाळी आणि तिची निगा

अर्ल यांच्या काळातील गाड्या आज संग्राहकांकडे आणि संग्रहालयांत जपल्या जातात. त्यांच्या चकाकत्या भागांचे जतन हा स्वतंत्र अभ्यासाचा विषय झाला आहे, कारण वरून सारखे दिसणारे भाग वेगवेगळ्या धातूंचे असतात आणि एकाला मानवणारा उपचार दुसऱ्याचे नुकसान करतो.

* क्रोमियमचा मुलामा : पोलादी बंपरवर तांबे, त्यावर निकेल आणि सर्वांत वर क्रोमियम असे थर असतात. क्रोमियमचा थर सामान्यतः एका मायक्रॉनपेक्षाही पातळ असतो. गंजापासून खरे संरक्षण निकेल देते. सूक्ष्म भेगांतून मीठ आणि पाणी आत शिरले की खालचे पोलाद गंजते. म्हणून प्रथम भरपूर पाण्याने धूळ व कण वाहू दिले जातात, मग सौम्य साबण आणि मऊ फडके वापरले जाते. कोरडी धूळ पुसल्यास ओरखडे उठतात. गंजाचे बारीक ठिपके पाण्यात भिजवलेल्या अ‍ॅल्युमिनियमच्या वर्खाने हलक्या हाताने घासून काढता येतात, कारण अ‍ॅल्युमिनियम क्रोमियमपेक्षा मऊ असते. शेवटी मेणाचा पातळ थर दिल्यास ओलावा दूर राहतो.
* जस्ताचे ओतीव भाग : दाराच्या मुठी, बोधचिन्हे आणि बोनेटवरील आकृती बहुधा जस्ताच्या मिश्रधातूच्या असत. त्यांच्यावर मुलाम्याखालून फोड येतात. हे फोड घासून जात नाहीत. उलट मुलामा सुटतो. असे भाग दुरुस्त करून त्यांच्यावर पुन्हा विलेपन करावे लागते.
* स्टेनलेस स्टील : पट्ट्या आणि चाकांच्या टोप्या यांवर मुलामा नसल्याने ओरखडे पॉलिशने काढता येतात. घासून मंद केलेला पृष्ठभाग मात्र त्याच्या रेषांच्या दिशेनेच पुसावा लागतो.
* अ‍ॅल्युमिनियम : १९५० च्या दशकाच्या अखेरीस ऑक्साइडचे पारदर्शक कवच दिलेले अ‍ॅल्युमिनियम पट्ट्यांसाठी वापरात आले. तीव्र आम्ल किंवा अल्कली लागल्यास हे कवच उतरते आणि धातू पांढुरका पडतो. त्यामुळे चाकांसाठी मिळणारी कडक रसायने येथे टाळली जातात.
* चाके : ब्रेकच्या झिजेतून निघणारी लोहयुक्त भुकटी गरम चाकावर चिकटते व ओलाव्याने गंजते. चाके थंड झाल्यावरच धुतली जातात, कारण तापलेल्या धातूवर साबण वाळून डाग पडतात. चाकांसाठी वेगळी बादली आणि वेगळे फडके ठेवले जाते, जेणेकरून भुकटीचे कण रंगावर जाणार नाहीत.

कोरियन युद्धाच्या काळात, म्हणजे १९५० ते १९५३ दरम्यान, निकेल संरक्षण उत्पादनासाठी राखून ठेवले गेले. त्या सुमाराच्या अनेक गाड्यांवरील मुलामा निकेलच्या अभावी निकृष्ट ठरला आणि लवकर गंजला. अशा गाडीचा मूळ मुलामा जपताना जोराने पॉलिश करणे विशेष धोक्याचे ठरते.

टीका

वार्षिक बदलाच्या धोरणावर अर्ल यांच्या हयातीतच टीका झाली. व्हान्स पॅकर्ड यांच्या द वेस्ट मेकर्स (१९६०) या पुस्तकात वस्तू मुद्दाम जुनी ठरवण्याच्या प्रवृत्तीचा समाचार घेतला आहे. राल्फ नेडर यांच्या अनसेफ अ‍ॅट एनी स्पीड (१९६५) या पुस्तकात सुरक्षिततेपेक्षा बाह्यरूपाला दिल्या गेलेल्या महत्त्वावर आणि टोकदार पंखांमुळे पादचारी व दुचाकीस्वार यांना होणाऱ्या इजांवर बोट ठेवले आहे. दुसरीकडे, सामान्य उत्पन्नाच्या ग्राहकालाही देखणी वस्तू मिळावी, ही कल्पना अर्ल यांनी मोठ्या प्रमाणावर प्रत्यक्षात आणली, याकडे त्यांचे समर्थक लक्ष वेधतात. पूर्वी केवळ चित्रपटनटांना परवडणारे रूप त्यांनी शेव्हरोलेच्या खरेदीदारापर्यंत पोहोचवले.

भारताशी संबंध

जनरल मोटर्सने १९२८ मध्ये मुंबईतील शिवडी येथे मोटारगाड्यांच्या जोडणीचा कारखाना सुरू केला. हा भारतातील अशा प्रकारचा पहिला कारखाना मानला जातो. आयात केलेले सुटे भाग जोडून तेथे शेव्हरोले व इतर गाड्या तयार होत. या गाड्यांचे रूप डेट्रॉइट येथे अर्ल यांच्या विभागात ठरलेले असे. १९५० च्या दशकात कारखाना बंद झाला.

वारसा

आज प्रत्येक मोठ्या मोटार कंपनीत स्वतंत्र रचना विभाग असतो आणि त्याचा प्रमुख वरिष्ठ व्यवस्थापनात गणला जातो. या प्रथेची सुरुवात अर्ल यांच्यापासून झाली. डेटोना ५०० या मोटार शर्यतीच्या विजेत्याला दिला जाणारा चषक त्यांच्या नावाने ओळखला जातो आणि त्यावर फायरबर्ड या प्रायोगिक गाडीची प्रतिकृती आहे. कॉर्वेटचे उत्पादन २१ व्या शतकातही सुरू राहिले. पंख आणि जड क्रोमियम मात्र त्यांच्या निवृत्तीनंतर काही वर्षांतच प्रचारातून गेले. त्या काळाची झळाळी आता जुन्या गाड्या निगुतीने पुसून ठेवणाऱ्यांच्या हाती उरली आहे.